माजघर उघडं राहिलं

त्याला सगळे नमुना म्हणायचे. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये चोवीस वर्षं नोकरी, दिवसभर तोंडात तोच शब्द. नमुना आला का, नमुना कमी पडला, नमुन्यावर चिठ्ठी लावली का. त्यात स्वभाव थोडा तऱ्हेवाईक. एकदा सोबतची बाई वैतागून म्हणाली, "अहो, तुम्हीच एक नमुना आहात," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याने इंटरनेटवर जुन्या घड्याळांचा फोरम काढला, तेव्हा टोपणनाव शोधायची वेळच आली नाही.

भिंतीवरची, लंबकाची, किल्ली द्यायची घड्याळं घरी बसून दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा हा फोरम. चौदा वर्षं चालला होता. नोंदलेली नावं नऊशेच्या वर, बोलणारे पन्नास-साठ. स्प्रिंगांचा विभाग वेगळा, तबकड्यांचा वेगळा, ठोके चुकणाऱ्या घड्याळांचा वेगळा. इकडच्या तिकडच्या गप्पांसाठी ओसरी. आणि सगळ्यांत आत, बाहेरच्या कुणाला दिसणारही नाही असं माजघर.

माजघरात चौदाच माणसं होती. पूर्वी एका जुन्या सभासदाची बायको गेली. त्याला त्याबद्दल लिहायचं होतं, पण नऊशे लोकांसमोर नको होतं. म्हणून नमुन्याने ती खोली काढली आणि तिला कुलूप घातलं. मग हळूहळू ज्याला जे बाहेर बोलता येत नव्हतं ते तिथे यायला लागलं. कुणाचं दुखणं, कुणाच्या मुलाचं बिनसलेलं. घड्याळं तिथे नावापुरतीच उरली होती.

चावीताई माजघरात आल्या त्याला पाच वर्षं झाली होती. चावी हे त्यांचं टोपणनाव. त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होत्या आणि तिथली बारीक हत्यारं वापरून घड्याळाचे दात घासायच्या. नमुना त्यांना गमतीने म्हणायचा, "ताई, आपण दोघंही लॅबवाले, फक्त तुमच्याकडची माणसं हसत बाहेर पडतात."

आधी त्यांनी नुसते प्रश्न विचारले. मग एका प्रश्नाच्या शेवटी एक ओळ लिहिली, की उजव्या मनगटात जोर नाही, दोनदा मोडलंय, तर स्प्रिंग चढवायचा दुसरा काही मार्ग आहे का. कसं मोडलं, ते पुढच्या दोन वर्षांत थोडं थोडं करून लिहिलं. नवऱ्याने मोडलं होतं. एका सकाळी आजोबांचं घड्याळ चादरीत गुंडाळून, एक पिशवी घेऊन निघाल्या, त्या परत गेल्या नाहीत. दुसऱ्या शहरात, आईकडच्या आडनावाने राहत होत्या. पत्ता फक्त धाकट्या बहिणीला माहीत होता.

ते घड्याळ सगळ्या माजघराच्या ओळखीचं झालं होतं. आजोबांनी तबकडीवरचा निखळलेला आठाचा आकडा परत बसवताना उलटा बसवला होता. ताईंनी त्याचे फोटो टाकले: भिंतीवर टांगलेलं, शेजारी खिडकी, खिडकीतून समोरच्या गच्चीवरची निळी टाकी, खाली शिंप्याच्या दुकानाची पाटी. सहाच्या बसने उतरते, वर येते आणि आधी किल्ली देते, असंही लिहिलं. माजघरात लिहायला भीती कसली?

फोरमचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी कधीच काखा वर केल्या होत्या, आणि ज्या कंपनीच्या सर्व्हरवर फोरम होता त्यांनी कळवलं की महिनाअखेरीनंतर ही जुनी गोष्ट इथे चालणार नाही. नमुन्याने नवं सॉफ्टवेअर निवडलं, ओसरीवर जाहीर केलं, आणि नेहमीप्रमाणे पन्नास माणसांची पन्नास मतं आली. फोनवर आला तो एकच, लिफ्टकाका. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, माजघरातला पहिला.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "आधी एका नकलेवर करून बघ."

"नकलेवरच करतोय, काका. बॅकअपही दोन घेतलेत."

"आणि झाल्यावर बाहेरून बघ. मी लिफ्ट दुरुस्त केली की वर मशीनच्या खोलीत बसून बटण नाही दाबायचो. खाली जाऊन, दारात उभं राहून दाबायचो. वर सगळं ठीकच दिसतं रे."

"बघतो, काका," नमुना म्हणाला. मनात म्हणाला, इथे काय लिफ्ट आहे!

शुक्रवारी रजा टाकून तो बसला. शनिवारी दुपारी सगळं नव्या घरात गेलं आणि त्याचा जीव भांड्यात पडतोय तोच दिसलं, की जुन्या लेखांमधल्या काना-मात्रा उडाल्या आहेत. हजारो ओळींत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं. रविवारभर तो त्याच्याच मागे होता. मात्रा जाग्यावर आल्या, तर चित्रं गायब. चित्रं आली, तर अर्ध्या लोकांचे पासवर्ड चालेनात. बायको ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. रविवारी संध्याकाळी फोरम उघडला. त्याने माजघर तपासलं होतं. उघडून पाहिलं, सगळे विषय होते, सगळे फोटो होते, चावीताईंचा धागा जिथल्या तिथे होता. पण तो पाहत होता ॲडमिन म्हणून, आणि ॲडमिनला सगळंच दिसतं.

माजघराचं कुलूप जुन्या सॉफ्टवेअरमधलं नव्हतं. ते फार पूर्वी एका सभासदाने हौसेने लिहून दिलेलं वेगळं जोडकाम होतं. नव्या सॉफ्टवेअरला ते कळलंच नाही. त्याने विभाग आणले, नावं आणली, आणि जे कळलं नाही ते गाळलं. इतर विभागांसारखंच माजघरही सताड उघडं ठेवलं. सभासदाला, पाहुण्याला, रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही.

लोक मात्र खूश होते. कुणीतरी ओसरीवर "नमुनाभाऊंचे आभार" असा धागा काढला. त्यात त्रेचाळीस जणांनी लिहिलं. चावीताईंनी लिहिलं, "घर बदललं, पण सामान एकही फुटलं नाही. भाऊ, तुमच्या हाताला यश आहे." हे नमुन्याने लॅबमध्ये तीनदा वाचलं. आयुष्यात त्याची अशी वाहवा फारशी झाली नव्हती.

नऊ दिवसांनी, मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला, तो डबा उघडत असताना लिफ्टकाकांचा फोन आला.

"अरे, माझा पासवर्ड अजून लागत नाहीये."

"नवा पाठवतो, काका. जेवतोय."

"जेव रे. पण एक विचारू? पासवर्ड न टाकताच मला माजघर कसं दिसतंय?"

नमुन्याने हातातला घास खाली ठेवला. "तुम्ही आधी कधी आत गेला असाल, ते राहिलं असेल."

"नातीचा कॉम्प्युटर आहे हा. कालच आणलाय."

तो डबा तसाच टाकून पुढच्या खिडकीवर आला. तिथल्या मुलीला म्हणाला, जरा उठ. तिच्या कॉम्प्युटरवर फोरम कधीच उघडलेला नव्हता. त्याने पत्ता टाकला, माजघर दाबलं. दार नाही, कुलूप नाही. पहिलाच धागा चावीताईंचा. भिंतीवरचं घड्याळ, खिडकी, निळी टाकी. त्याच्यामागे एक आजोबा लघवीची बाटली घेऊन उभे होते, तेही वाकून बघत होते. "छान घड्याळ आहे," ते म्हणाले.

दहा मिनिटांत त्याने माजघर बंद केलं. मग आत जाऊन, दार लावून, गेल्या नऊ दिवसांत तिथे कोण कोण आलं त्याची नोंद उघडली. बहुतेक सगळी यंत्रं होती, इंटरनेटभर फिरून पानं गोळा करणारी. ती येतात, चाळतात, जातात. पण रविवारी दुपारी दोन वाजता एक माणूस आला होता. सर्चमध्ये शब्द टाकून आला होता: घड्याळ, तबकडी, आठ उलटा. तो दुसऱ्या कुठल्याच धाग्यात गेला नव्हता. चावीताईंच्या धाग्याचं प्रत्येक पान त्याने उघडलं, प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. खिडकीचा फोटो एकोणीस वेळा. सहा वाजायला दहा मिनिटं असताना तो गेला.

असे शब्द टाकून कुठलं यंत्र येत नाही, हे नमुन्याला कळत होतं.

पुन्हा लिफ्टकाकांचा फोन. "बंद केलंस?"

"केलं."

"कुणी आत येऊन गेलंय का?"

नमुन्याने समोरची नोंद मिटली. "यंत्रंच दिसताहेत."

"तरी सगळ्यांना सांग. विशेषतः तिला. आजच सांग."

"हो," नमुना म्हणाला.

त्याने लिहायला घेतलंही. "चावीताई, एक चूक झाली आहे," एवढं लिहिलं. मग ती त्रेचाळीस माणसं डोळ्यांसमोर आली. त्याला वाटलं, असेल कुणी घड्याळवेडा. उलटा आठ असलेलं दुसरं घड्याळ असेल कुणाकडे. नसती भीती घालायची, त्या बिचाऱ्या पुन्हा सामान बांधायच्या, आणि निघायचं काहीच नाही. त्याने ती ओळ पुसली. ओसरीवर लिहिलं, "किरकोळ तांत्रिक कामासाठी माजघर थोडा वेळ बंद आहे." खाली चार जणांनी लाइकचे अंगठे दिले.

बुधवारी त्याने सकाळपासून अकरा वेळा चावीताईंचं नाव पाहिलं. संध्याकाळी सहापर्यंत नावापुढे ऑनलाइन असल्याची खूण आली नव्हती. त्याने स्वतःला समजावलं, की त्या रोज थोड्याच येतात.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि तीही समोर बसली. ती शाळेच्या ऑफिसात हजेरीचं काम करायची. खोटं बोलणाऱ्या मुलांची चाल ओळखायची सवय होती तिला.

"अहो, काय झालंय ते सांगा. दोन दिवस तुम्ही घास चघळताय, गिळत नाही."

त्याने सांगितलं. सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि तिला कळवलंत?"

"कळवणार होतो."

"अहो, मंगळवारपासून?"

त्याने कप बाजूला सरकवला.

"उठा," ती म्हणाली. "आत्ता लिहा. मी इथेच उभी आहे."

त्याने लिहिलं. तारीख, वेळ, कुणी काय पाहिलं, सगळं. शेवटी लिहिलं, तुम्ही लगेच दुसरीकडे जा, आमच्याकडे या. निरोप गेला. वाचल्याची खूण आली नाही. शुक्रवारीही नाही. फोन नंबर कुणाकडेच नव्हता. असे नंबर मागायचे नाहीत हा माजघराचा नियम नमुन्यानेच केला होता.

शनिवारी सकाळी बायको पर्स घेऊन तयार होऊन आली. "चला."

"कुठे? पत्ता कुठाय?"

"त्या माणसाकडे तरी कुठे होता?"

दोन तासांचा बसचा प्रवास होता. शहराचं नाव ताईंनी कधी लिहिलं नव्हतं, पण कवळ्यांच्या कारखान्याबद्दल लिहिलं होतं, आणि तसा कारखाना कुठल्या शहरात आहे हे मोबाईलवर दोन मिनिटांत निघालं. कारखान्याकडून येणारी सहाची बस कोणती, ते स्टँडवरच्या माणसाने सांगितलं. त्या बसच्या रस्त्याने दोघं एकेक थांबा चालत गेले. पाचव्या थांब्यावर बायकोने मान वर केली आणि त्याची बाही धरली. गच्चीवर निळी टाकी. खाली शिंप्याची पाटी, फोटोत होती तशीच. बसमधून उतरल्याला पन्नास मिनिटंही झाली नव्हती. इतकं सोपं होतं ते.

शिंपी कापड कापत होता. बायकोने विचारलं, समोर एक बाई राहतात, दातांच्या कारखान्यात कामाला, कुठल्या मजल्यावर? त्याने कात्री खाली ठेवली.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"ओळखीचे," नमुना म्हणाला.

"ओळखीचे!" शिंप्याचा आवाज चढला. "बुधवारी पण एक ओळखीचाच आला होता. नवरा आहे म्हणाला, रुसून आलीय म्हणाला. चांगले कपडे, चांगलं बोलणं. मीच बोट दाखवलं, दुसरा मजला म्हणून. साडेसहाला जिन्यात आरडाओरडा झाला. मी धावलो तोवर त्या खालच्या पायरीवर पडल्या होत्या, आणि तो माझ्या अंगावरून पळाला." त्याने दोन्ही हात कापडावर टेकले. "मी बोट दाखवलं हो. या हाताने."

नमुन्याला सांगावंसं वाटलं, की तुमचा दोष नाही. पण मग कुणाचा, ते सांगावं लागलं असतं. त्याने फक्त हॉस्पिटलचा पत्ता विचारला.

चावीताई बायकांच्या वॉर्डात, भिंतीकडच्या खाटेवर होत्या. नमुन्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात त्या उंच होत्या. प्रत्यक्षात लहान चणीची, कानाजवळ केस पिकलेली बाई. खुब्याचं हाड मोडलेलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर बोटांची सुजलेली टोकं. नर्सने दारातच हळू सांगितलं होतं, की तीन बोटं कठड्यात अडकून मोडलीत, पकड परत येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.

"मी नमुना," तो म्हणाला.

त्यांनी ओळखायला थोडा वेळ घेतला. मग चेहरा एकदम उजळला. ते पाहणं नमुन्याला सगळ्यांत जड गेलं.

"भाऊ! तुम्ही? तुम्हाला कसं कळलं? बसा ना. वहिनी, त्या स्टुलावरची पिशवी खाली ठेवा."

बायको बसली. नमुना उभाच राहिला.

"बघा ना, काय झालं," ताई म्हणाल्या. "पाच वर्षं सांभाळून राहिले, आणि घरच्याच माणसाने घात केला. माझ्या बहिणीने. तिच्याशिवाय पत्ता कुणालाच माहीत नव्हता. काल आली होती, रडत होती, मी नाही सांगितलं म्हणत होती. मी नर्सला म्हटलं, हिला बाहेर काढा. पुन्हा आत सोडू नका. बाहेर चौदा तास बसून मग गेली."

बायकोने नमुन्याकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "बहिणीने नाही सांगितलं."

"तुम्हाला काय माहीत?"

त्याने सांगितलं. कुलूप आलं नाही, नऊ दिवस सगळं उघडं होतं, रविवारी दुपारी कुणीतरी चार तास बसून वाचलं. ताई छताकडे बघत ऐकत होत्या. उजळलेला चेहरा केव्हाच विझला होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी किती वाजता?"

"एकच्या सुमाराला."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. "मंगळवारी माझी सुट्टी होती. मी घरीच होते. दुपारी फोरम उघडला होता. माजघर बंद, किरकोळ काम, असं वाचलं." त्यांनी मान त्याच्याकडे वळवली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, कुणी पाहिलं नसेल..." तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला सहन झाला नाही. "नाही. पाहिलंय हे मला दिसलं होतं. मला लाज वाटली. लोक वाहवा करत होते."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकत होती. ताईंनी डोळे मिटले. त्या रडतील असं त्याला वाटलं, निदान ओरडतील. त्या तसं काहीच करत नव्हत्या.

"वहिनी," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "माझा फोन उशीखाली आहे. मला डाव्या हाताने जमत नाही. बहिणीला लावून द्या. आणि यांना बाहेर थांबायला सांगा."

नमुना बाहेर बाकावर बसला. दारातून त्याला ताईंचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही.

सोमवारी त्याने ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. कधी काय झालं, त्याला कधी कळलं, आणि त्याने कधी सांगितलं. मधले दोन दिवस लपवले नाहीत. माजघरातल्या एकाने लिहिलं, की माझ्या आजारपणाचं आता ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, कसं झालं ते आज कळलं. कुणी शिव्या दिल्या. कुणी काहीच न लिहिता नाव काढून घेतलं. लिफ्टकाकांचा फोन आला तो फार छोटा होता. "मला तू हो म्हणाला होतास," ते म्हणाले, आणि ठेवला.

नवरा पकडला गेला. मी बोलायला गेलो होतो, ती पाय घसरून पडली, असं तो सांगत होता. पोलिसांनी नमुन्याकडून ती रविवारची नोंद घेतली. कोणता फोटो किती वेळा उघडला, हे सगळं कागदावर आलं आणि त्याच्या बोलण्यातली हवा गेली. तपास अधिकारी नमुन्याला म्हणाला, "बरं झालं, तुमच्याकडे हे होतं." नमुन्याने सही केली आणि घरी आला.

माजघर त्याने पुसून टाकलं. फोरम चालवायला दुसऱ्या दोघांकडे दिला आणि स्वतः लॉगिन करणं सोडलं. बायको त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलायची, फक्त फोन वाजला की आता ती विचारायची, "कोण होतं? काय म्हणालं?"

तीन महिन्यांनी चावीताईंची बहीण लॅबमध्ये आली. कोर्टासाठी त्या नोंदीची त्याच्या सहीची प्रत हवी होती. तिशीची, ताईंसारखीच लहान चणीची. नमुन्याने पाकीट तयार ठेवलं होतं.

"ताई कशा आहेत?"

"चालतात काठी घेऊन. कारखान्यातलं काम सुटलं. आता माझ्याकडेच असतात." तिने पाकीट पिशवीत घातलं. "तुमच्याबद्दल काही बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही."

तो मान खाली घालून उभा होता. ती जायला वळली आणि थांबली.

"आमचं दोघींचं तसं बरं चाललंय. पण अधूनमधून मी फोनवर कुणाशी बोलत असले ना, की ताई हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहते. मी काय बोलतेय, कुणाशी बोलतेय. तिला कळतं की मी नव्हते. तरी बघते." तिने पिशवी खांद्याला लावली. "एवढंच सांगायचं होतं."

ती गेली. बाकावर चार माणसं ताटकळत होती. नमुन्याने हातमोजे बदलले आणि पुढचं नाव पुकारलं.